दहा वर्षं मागे

माझा कॉम्प्युटर इतका जुना आहे की नवं सॉफ्टवेअर त्याला हिंग लावूनही विचारत नाही. बायको म्हणते, "टाकून दे तो डबा." पण मी पडलो हट्टी. प्रोग्रॅम लिहायचं एक जुनं टूल शोधून काढलं, तर त्याची मुदत संपलेली. मग मी अक्कल पाजळली आणि कॉम्प्युटरची तारीखच दहा वर्षं मागे नेली. टूल निमूट चालू झालं.

त्यात वाढदिवस सांगणारा प्रोग्रॅम लिहून, बायकोच्या एकावन्नाव्या वाढदिवशी मी तो तिला ऐटीत दाखवला. पडद्यावर आलं, "आज तुमचा एकेचाळिसावा वाढदिवस!"

मी जीभ चावली.

"बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली. "त्या वाढदिवसालाही तू या डब्यासमोरच बसला होतास."