पाठीवरचं कुंकू

"पावडरला हात नका लावू, काकू. चमच्यानं घ्या."

खुशनुमाचं हे सांगणं अंजनाबाईंच्या कानात अजून तसंच होतं. लिंबागणेश गावातल्या बचत गटाच्या बायका मिळून कैरीचं लोणचं घालायच्या. ते टिकावं म्हणून त्यात सोडियम बेन्झोएट नावाची पांढरी पावडर पडायची आणि ती तोलायचं काम खुशनुमाकडं होतं. साजिद मिस्त्रीची ही बायको. हात नेटका, तोंड हसरं. चिमूटभर जास्त झाली तरी परत डब्यात काढायची.

कैऱ्यांच्या ऐन हंगामात अंजनाबाईंच्या कपाळावर आणि उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर खाज उठली. आधी पुरळ आलं, मग कातडी काळवंडून सोलायला लागली.

अंजनाबाई म्हणजे गावातली नेमाची बाई. ताप असो की थंडी, पहाटे डोक्यावरून अंघोळ, ओलेत्यानं तुळशीला फेऱ्या, मग देवाला कुंकू, मग स्वतःला. तोवर पाण्याचा थेंब नाही. बोलणं तर असं मऊ, की शेजारच्या खोलीत जाऊ नये. कुणाला टाकून बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच मऊ आवाजात एक दिवस फोडी कालवताना त्या म्हणाल्या, "पावडर तर आदीपासून हाय. पर ती कुणाच्या हातानं पडती, त्यालाबी काई असतंच की."

भांडकुदळ बाईचं बोलणं लोक वाऱ्यावर सोडतात, देवभोळीचं खाली पडू देत नाहीत. दोन-चार दिवसांत खुशनुमाच्या हातचा चहा कुणी घेईना. तिचं घमेलं वेगळं झालं. शेवटी गटाची अध्यक्ष शिवकन्या तिला म्हणाली, "तू थोडे दिवस घरीच ऱ्हा बाई."

खुशनुमानं वाद घातला नाही. डोक्यावरची ओढणी सावरून ती अंजनाबाईंसमोर उभी राहिली.

"तपासून घ्या, काकू. बीडला डॉक्टरीनबाई बघतात म्हणे. पावडरचं निघालं तर मी या दाराला पाय लावणार न्हाई. न्हाई निघालं, तर तुमी यायचं मला न्यायला. तुमी. शिवकन्याताई न्हाई."

"येईन की," अंजनाबाई म्हणाल्या. नजर मात्र फोडींवरच होती.

बीडची डॉक्टर वर्षाराणी वयानं त्यांच्या लेकीएवढी. खाण्यातली ही पावडर माणसांच्या कातडीला खरंच बाधते का, हे ती बऱ्याच जणांवर तपासून बघत होती. रोज हाताला लागतं ते सगळं आणा, असं तिनं सांगितलं होतं. अंजनाबाईंनी पावडर नेली, तिखट नेलं, साबणाचा तुकडा नेला. डॉक्टरीनबाईंनी त्यांच्या कपाळाकडं पाहिलं.

"आणि कुंकू?"

"अवो बाई, कुंकवाची कुठं परीक्षा घेत असतेत का?"

"मग पावडर काय कपाळाला लावता, काकू?"

अंजनाबाईंनी नाइलाजानं पिशवीतली डबी काढून दिली. जत्रेतलं लालभडक, वासाचं कुंकू.

एकेक वस्तू जराजराशी त्यांच्या पाठीवर पट्ट्यांखाली चिकटवली गेली. "आता दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही. नाहीतर सगळं फुकट जाईल."

अंजनाबाईंचा नेम मोडला. रामकिसनराव, त्यांचे मालक, हसायला लागले. "पाठ सोडून धू की अंग. देव काय मागून बघतोय?"

"गप बसा. अर्धी अंघोळ म्हंजी पारोसंच. पूजा तुमीच करा."

त्यांनी केली. अंजनाबाई उंबऱ्यात बसून बघत राहिल्या. हा बाबा गणपतीच्या अंगावर तांब्या असा ओतत होता, जसं काय बैल धुतोय.

पट्ट्या निघाल्या. आणखी दोन दिवसांनी डॉक्टरीनबाईंनी परत बोलावलं आणि मोबाईलवर त्यांचीच पाठ त्यांना दाखवली.

"ही पावडरची जागा." धुतल्या ताटासारखी स्वच्छ.

"आणि हे कुंकू." तिथं लालबुंद गांध उठली होती, वर बारीक फोड. "यातला रंग नाहीतर वास तुम्हाला सोसत नाही. दुसऱ्या एखाद्याला पावडर बाधेलही, तेच तर शोधतोय आम्ही. तुम्हाला नाही बाधत. कुंकू कुठल्या बोटानं लावता?"

अंजनाबाईंनी ते बोट मुठीत मिटून घेतलं.

एसटीत साऱ्या वाटेनं तो हात पदराखाली होता. कुंकू बाधलं याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. पण चमच्यानं घ्या म्हणणारी पोर काळजीनं म्हणत होती, आणि त्यांनी तिच्याच हाताला नाव ठेवलं. तेही आवाज न चढवता. आरडाओरडा केला असता तर निदान चारजणींनी गप तरी केलं असतं.

फाट्यावर उतरल्या तर शिवकन्या समोरच. "काय निघालं काकू? पावडरच ना?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. अंजनाबाईंना ते क्षणभर लई सोपं वाटलं, आणि असं वाटलं याचीच लाज अंगभर पसरली.

"न्हाई. माझं कुंकू निघालं."

शिवकन्या घाईनं म्हणाली, "असू द्या. मी फोन करून बोलवते तिला. तुमी कावून तरास घेता?"

"नगं. माझंच काम हाय ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावरून अंघोळ झाली, तुळशीच्या फेऱ्या झाल्या. देवाला कुंकू त्यांनी फुलाच्या देठानं लावलं. स्वतःच्या कपाळाला लावलं नाही. रामकिसनराव अंथरुणातून बघत होते.

"अगं, मी जिता हाय अजून. लोक काय म्हणतील?"

"इचारतील," अंजनाबाई म्हणाल्या. "इचारलं की सांगीन, कशानं झालं ते."

त्यांनी चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि मोकळ्या कपाळानं साजिद मिस्त्रीच्या घराकडं निघाल्या.