शून्य आणि वजा एकच्या मध्ये

दिनानाथ सरांचं गणित चुकू शकतं, हे चिंचणीत कुणाला पटणारं नव्हतं. मला पटलं, आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या एका ठेकेदाराला काँक्रीट तपासायच्या खोलीत आलेख काढणारं माणूस हवं होतं; मुलगीही चालेल म्हणाले. बाबांनी अट घातली: ठेकेदाराच्या परीक्षेत पास झालीस तर लग्न लांबवू, नाहीतर पालघरचं स्थळ पक्कं.

परीक्षेसाठी सर आम्हाला लॉगचा आलेख शिकवू लागले. लॉगच्या कोष्टकांच्या पुस्तिकेत अर्ध्याचा लॉग बघितला की उत्तर येतं 'बार एक पॉइंट सहा नऊ नऊ'. बार म्हणजे वजा, पण तो फक्त एकाला. पुढचे आकडे अधिकच राहतात, म्हणून खरं उत्तर वजा पॉइंट तीन. सरांनी सगळ्यालाच वजा लावलं आणि बिंदू पार खाली, वजा एक पॉइंट सातवर ठोकला. मग त्यांची रेघ क्ष एक असतो तिथे तुटायची.

"शून्य आणि वजा एकच्या मध्ये य कधी येतच नाही," ते म्हणायचे, "हीच तर लॉगची गंमत!"

"सर, रेघ तुटत नाही," मी म्हणाले. "बार फक्त एकावर आहे."

संध्याकाळी सर आमच्या वाडीत हजर. "विश्रामभाऊ, मुलगी हुशार आहे, पण जिभेला हाड नाही."

"मास्तर खोटं शिकवतील गो?" बाबा माझ्यावर खेकसले. "ते सांगतात तसंच काढायचं!"

परीक्षेत मी सलग रेघ काढली. खाली लिहिलं: क्ष शून्याहून मोठाच हवा, य कितीही वर, कितीही खाली, मध्ये खंड नाही. पण पेपर तपासायला ठेकेदाराने बसवलं कुणाला, तर गावातले जाणते म्हणून सरांनाच! माझ्या पेपरवर काट मारून त्यांनी तुटक्या रेघांचे पेपर इंजिनिअरकडे नेले. त्यांत आमच्याबरोबरच्या आनंदाचाही होता.

"विंजिनेर पोट धरून हसला," आनंदा सांगत आला. "सरांना बार समजावला, नि इथं कोनालाच येत नाय म्हनून बाहेरचा मानूस ठेवला."

माझा पेपर तेव्हा सरांच्याच पिशवीत होता. तो काढून नुसता पुढे करायचा होता. नाही केला त्या माणसाने!

माझ्या लग्नाला सर आहेर घेऊन आले. "आता माझी सगळी मुलं आलेख बरोबर काढतात," ते बाबांना म्हणाले. "हिनंच तेव्हा लक्ष दिलं नाही."

"पोरीची अक्कल, मास्तर. तुमी तरी काय करनार?" बाबांनी हात जोडले आणि माझ्याकडे वळले. "शालू, पाया पड गो."

सगळा मांडव बघत होता. मी वाकले.