बाटलीतला मोले

रविवारची प्रार्थना आटोपली आणि चर्चच्या हॉलमध्ये चाळीस मेक्सिकन बायका कागदी ताटल्या घेऊन पंगतीला बसल्या. वाढायला ओफेलिया होती. आज हा बाटलीतला मोले पसंत पडला, की तिचं दुकानामागचं स्वयंपाकघर कायमचं बंद.

बावीस वर्षांपूर्वी ती हॅल्वरसन साहेबांच्या किराणा दुकानात लागली, तेव्हा आयोवातल्या त्या गावात मेक्सिकन लोकांची चार घरं होती. आता अर्धं गाव त्यांचंच. दुकानाच्या मागच्या बाजूला ओफेलिया मिरच्या, तीळ, कोको भाजून मोलेचं दाट तपकिरी कालवण रटरटत ठेवायची आणि वासावर गिऱ्हाईक यायचं. पण शिकागोच्या केसलर नावाच्या जाहिरातवाल्यानं साहेबांना गाठलं. बदलत्या लोकसंख्येचे तक्ते दाखवले, मग बाटली दाखवली. बाटलीवर मिशाळ गडी, गिटार, निवडुंग. उरल्या जागेत गाढव.

"चाळीसपैकी चाळीस 'उत्तम'," अभिप्रायाचे कागद गोळा करून केसलर म्हणाला. "एकीनंही खोट काढली नाही."

काढतील कशी? खाऊ घालणाऱ्याच्या तोंडावर अन्नाला नावं ठेवणं त्यांच्यात पापच. देवानं जीभ गोड बोलायला दिली आहे, यावर त्या माउल्यांची इतकी श्रद्धा, की सासूचा करपलेला भातही त्यांनी जन्मभर वाखाणला होता. पण आवडलेलं अन्न कुणी मागे ठेवत नसे. लग्न असो, बारसं असो, पाहुणी डबा भरूनच घरी जायची.

साहेबांनी करारावर सही करायला पेन काढलं. ओफेलियानं मनातल्या मनात ग्वादालुपेच्या माउलीला हात जोडले.

"साहेब, सहीआधी एक करू या? दोन पातेली उरलीत. यांना घरी न्यायला सांगा. डबे मी देते."

"फुकट? मग तर उड्या पडतील," केसलर म्हणाला, आणि त्यानंच हौसेनं जाहीर केलं.

जिची तिची नजर आपापल्या पर्सवर.

"माझा फ्रीज बिघडलाय," सगळ्यांत वडील एउलालियाबाई म्हणाल्या.

"गेल्याच महिन्यात नवा घेतलात ना?" ओफेलियानं भोळेपणानं विचारलं.

"म्हणून तर. त्याला अजून आमच्या घराची सवय नाही."

"आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तपकिरी खायचं बंद केलंय," दुसरी म्हणाली.

"माझा नवस आहे, ईस्टरपर्यंत मोले नाही," तिसरी.

"ईस्टर होऊन पंधरा दिवस झाले, रेमेदियोस," ओफेलिया म्हणाली.

"पुढच्या ईस्टरपर्यंत."

हॅल्वरसन साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "ओफेलिया, उद्या नेहमीच्या वेळेला ये," एवढंच म्हणाले.

केसलर कागदांकडे बघत राहिला. "मग हे चाळीस 'उत्तम'?"

एउलालियाबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "बाळा, एवढ्या लांबून आलास, तोही टाय बांधून. तुला रडवून पाठवायचं का?"

बायका मोठ्या मायाळू. त्याच्या बाटल्यांची बारा खोकी सगळ्यांनी मिळून गाडीपर्यंत पोचवली. मोजली तर एकही बाटली कमी नव्हती.