बिजूला फ्रेंच कळतं

पहिला हुकूम : ये

"व्हियाँ," हांता म्हणाली. म्हणजे ये. बिजू आला नाही.

पलंगाखाली, सुटकेसच्या मागे, भिंतीला पाठ लावून तो बसला होता. पांढरा, कापसाच्या गोळ्यासारखा लहानसा कुत्रा, त्यात दोन काळे डोळे. त्याचा मालक, एक निवृत्त कप्तान, महिन्यापूर्वी वारला. कप्तानाच्या मुलीने बिजूसकट टोपली हांताच्या हातात देताना एवढंच बजावलं होतं, की ह्याला फ्रेंचच कळतं.

हांताला त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्या गावी, अंत्सिराबेत, जनावरांशी फ्रेंचच बोलतात. आपल्या भाषेत कुणाला नुसतं 'ऊठ', 'बस' म्हणायला जीभ वळत नाही; मोलकरणीलाही 'जरा बसणं होईल का' असं विचारायचं. हुकूम सोडायला गोऱ्या साहेबांची भाषा बरी. हांताचा धाकटा भाऊ सोलोफो विटांची बैलगाडी हाकायचा. त्याला जेवढं फ्रेंच येत होतं तेवढं सगळं त्याच्या बैलांनाही येत होतं.

"ताई, तू विनवण्या करतेस," तो म्हणाला. "हुकूम पोटातून यायला हवा."

त्याने वाकून असा काही हुकूम सोडला, की अंगणात जुंपलेले दोन्ही बैल चालायला लागले. त्यांना आवरायला तो धावला. बिजू भिंतीत आणखी शिरला.

दुसरा हुकूम, आणि चाळिसावाही : खा

भात. भाताची खरवड उकळून केलेलं पाणी. वाळवलेल्या मांसाची पट्टी, निखाऱ्यावर भाजून. अंडं. पुन्हा भात, कोमट करून.

प्रत्येक वाटीबरोबर हांता म्हणायची, "मांज." प्रत्येक वेळी बिजू हनुवटी फरशीला घट्ट चिकटवायचा आणि डोळे मिटायचा.

चार दिवस.

तिसरा हुकूम : हा हांताला

जनावरांची डॉक्टर फांजा घरी येऊन गेली. तिने कातडी चिमटीत धरून पाहिली, हिरड्या पाहिल्या. रोग काही सापडला नाही.

"मावशी, एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा नसतो," ती हळूच म्हणाली. "उद्या दुपारी बारापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर माझ्याकडे आणावं लागेल. सलाईन लावू."

मग तिने असंही सुचवलं, की तो वाचला तर दुसरं एखादं घर त्याला मानवतं का, ते पाहावं. कुत्र्यांचंही असतं तसं.

हांताने मान डोलावली. एकतीस वर्षं तिने टपाल कचेरीच्या खिडकीत बसून लोकांची पाकिटं तोलली होती. खिडकी सुटल्यापासून दिवसभरात तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. हे डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. टोपलीतल्या गादीचा अभ्रा तेवढा तिने पुन्हा धुतला. त्यावर अजून कुणी बसलेलंच नव्हतं.

हुकूम नाही

दुसऱ्या दिवशी साडेअकरा. सोलोफो कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला सांगून आला होता. डॉक्टरकडे जायचं म्हणजे खांद्यावर चांगली शाल हवी, आणि शाल सुटकेसमध्ये, सुटकेस पलंगाखाली.

हांता गुडघ्यांवर बसली. सुटकेस ओढायची तर बिजूच्या पुढून हात न्यावा लागणार. आणि बसलेल्या माणसाच्या पुढून जाताना इथल्या कुणाचंही होतं तेच झालं : न ठरवता तिची पाठ लवली, उजवा हात जमिनीलगत पुढे गेला, आणि तोंडातून आलं, आपल्या भाषेत, वडीलधाऱ्यांशी बोलतात तसं,

"माफ करा हं. तुमच्या पुढून जाते. त्रास होतोय तुम्हाला."

बिजूचे डोळे उघडले.

हात तिथेच राहिला. तिने तो मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. बऱ्याच वेळाने एक कोरडं नाक बोटांना लागलं. मग पुन्हा लागलं.

कप्तानाची मुलगी खरं तेच बोलली होती. ह्याला फ्रेंच कळत होतं. प्रत्येक शब्दामागून काय येतं, तेही कळत होतं. चार दिवस हे घर त्याच्याशी कप्तानाच्या आवाजात बोलत होतं, आणि तो आपला मार यायची वाट बघत होता.

हांताला हुंदका आला. तो तिने गिळला, कारण हुंदक्यालाही आवाज असतो.

"राबिजू," ती म्हणाली. मानाच्या माणसाच्या नावाला लावतात तो 'रा' तिने लावला. "भात निवलाय. घेणं होईल का थोडा? मन नसेल तर राहू दे."

खरवडीच्या पाण्यात भिजवलेली चार शितं तिने बोटांवर धरली. जीभ आली. एक शीत गेलं. मग तो थांबला, तिच्याकडे बघत राहिला. ती दुसरीकडे बघू लागली. उरलेली तिन्ही गेली.

बाहेर रिक्षावाल्याने हाळी दिली. सोलोफो घाईघाईने दारात आला आणि बैलांशी बोलायचा तो आवाज काढायला त्याने तोंड उघडलं. हांताने नुसतं पाहिलं. तोंड मिटलं.

"काय म्हणालीस त्याला?" तो कुजबुजला. "रा? कुत्र्याला? उद्या माझे बैल मागतील."

"मागू देत. रिक्षा परत पाठव."

"काय सांगू त्याला?"

"सांग, घरात जेवण चाललंय."

सोलोफो चपला हातात घेऊन बाहेर गेला. हांताच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय हलवला नाही. वाटीत अजून बराच भात होता.