वाटीला झालेली बाधा

कापडदुकानाच्या वरचा हॉल बायकांनी खच्चून भरला होता. सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळलेल्या. खुर्चीत एक विशीतली मुलगी बसली होती आणि तिच्या केसांतून वाफ निघत होती. खरोखरीची वाफ!

"निघाली बघा!" केसांची बाधा काढून देणारी केशमाता दोन्ही हात उंचावून गरजली. "कुणाची तरी जळकी नजर या केसांत बिऱ्हाड करून बसली होती. आता पळता भुई थोडी झालीय तिला!"

मुलीची आई पुढच्याच रांगेत होती. कपडे शिवून घर चालवणारी बाई. तिने हात जोडले.

मुलगी एका मोठ्या दुकानात अत्तरं विकायची. तिथल्या साऱ्या जणींचे केस सोनेरी, म्हणून हिनेही घरच्या घरी ब्लीच केलं. रंग मनासारखा उतरला नाही, म्हणून लगेच पुन्हा केलं. केसांचा पार काथ्या झाला. कंगवा लावला की तुकडे पडत. ओले केस रबरासारखे ताणले जात आणि तुटत. ती आधी रुमाल बांधून फिरू लागली, मग कामावर जाईनाशी झाली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "जळलेला केस सांधत नाही. खालचे कापा आणि नवे येईपर्यंत धीर धरा." धीर धरायला सांगणारी डॉक्टर कसली, असं आईला वाटलं. केशमाता म्हणाली, "कापायचं कशाला? मी आहे ना!"

राखेसारखी पूड, मंतरलेलं पाणी, वाफ, घाईघाईने धुणं आणि वरून थोडं 'अमृततेल'. केस आरशासारखे चमकले. निघताना केशमातेने पूड आणि पाण्याची बाटली हाती ठेवली. "घरीही लावायचं. जळजळ झाली तर समजायचं, बाधा तडफडतेय. तेव्हा धुवायचं नाही."

चमक थोड्याच दिवसांत धुऊन गेली. तुकडे जास्तच पडू लागले. म्हणून एका दुपारी आईने सढळ हाताने पूड चोपडली आणि वर बाटलीतलं पाणी ओतलं.

"आई, भाजतंय! धू ना!"

"सोस गं थोडं. निघतेय ती."

"सोड मला, आई!"

आईने डोकं सोडलं नाही. जळक्या पिसांसारखा वास आला तेव्हा कुठे तिचा हात सैल पडला. मुठीत लेकीच्या केसांची बट तशीच राहिली.

आई लेकीला आणि उरलेली पूड-बाटली घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे धावली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी जखम धुऊन मलमपट्टी केली. मग उरलेल्या पाण्यात तपासणीचा कागद बुडवून पाहिला, आणि चिमूटभर पूड स्टीलच्या वाटीत टाकून त्यावर ते पाणी ओतलं. वाटी फसफसली, तापली. वाफ वर आली.

"पुडीत धातूचा क्षार आहे," त्या म्हणाल्या. "आणि पाणी म्हणजे पेरॉक्साइड. ब्लीचमध्ये असतं तेच. दोन्ही भेटली की उष्णता सुटते. तेल सिलिकॉनचं असणार, ते वरवर चकाकी देतं. आतला केस तसाच राहतो."

"म्हणजे ज्याने केस जळले, तेच मी परत..."

"हो."

"आणि ही टाळूवरची जागा?"

"तिथे बहुतेक केस येणार नाहीत."

आई उरलेली पूड, बाटली आणि एक वाटी घेऊन तडक हॉलवर गेली. खुर्चीत दुसरी कुणी बसली होती.

"माताजी, आधी या वाटीची बाधा काढा," म्हणत तिने वाटीत पूड टाकून पाणी ओतलं. वाफ निघाली. "हिला केस नाहीत, डोकं नाही. मग हिच्यातून निघाली ती कोण?"

"नास्तिक बाईच्या हातात माझी विद्या—"

"विद्या? माझी पोर ओरडत होती आणि मी तिचं डोकं दाबून धरलं होतं. या हातांनी!"

खुर्चीतली बाई उठली. बऱ्याच जणी तिच्यामागून जिना उतरल्या. काही मात्र बसून राहिल्या, एक तर म्हणाली, "हिचीच श्रद्धा कमी पडली असेल."

आईने पोलिसांत तक्रार दिली. लेकीचे केस तिने कानापर्यंत कापले. आता ब्लीच नाही, केसांना गरम इस्त्री नाही. धुतल्यावर कंडिशनर, टॉवेलने घासण्याऐवजी नुसतं टिपणं, मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून. मुळाशी नवे केस येताहेत. त्या एका जागी येत नाहीत. आई पट्टी बदलायला गेली की लेक अजून मान मागे घेते.

वाफ दिसली की हात जोडण्याआधी विचारा, ती कशाची? आणि समोरचं माणूस "भाजतंय" म्हणालं, तर काहीही न विचारता आधी स्वच्छ पाणी ओता.