जहाजाची गोष्ट ऐकताना

कारखान्यातल्या घणांच्या आवाजाने आजोबांचे कान कधीच निकामी झाले होते. मुलीने हट्टाने कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. नाही जमलं तर दुकानदार ते उद्यापर्यंत परत घेणार होता. सकाळी बंदरावर क्रेनचा खडखडाट आणि बोटींचे भोंगे ऐकून आजोबांचं डोकं उठलं. "हे उद्या परत करायचं," त्यांनी आजींना बजावलं आणि यंत्र काढून खिशात टाकलं.

दुपारी दोघं धक्क्यावरच्या संग्रहालयात शिरली. आत अगदी शांत होतं, म्हणून आजींच्या नकळत आजोबांनी यंत्र पुन्हा कानात घातलं. एका जुन्या जहाजाच्या प्रतिकृतीपाशी आजी थांबल्या आणि पाटी वाचताना नेहमीसारखे त्यांचे ओठ हलू लागले. ही मनातल्या मनात वाचते, असंच आजोबा इतकी वर्षं समजत आले होते.

"हे बघा, हे सुकाणू," आजी हळू आवाजात सांगत होत्या. "भर वादळात ते मोडलं, तेव्हा खलाशांनी वल्ह्यांनी जहाज वळवलं. पण तुम्हाला काय त्याचं! दगडापुढे बोलतेय मी."

म्हणजे ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही ही आपल्याशीच बोलत होती! आजोबा आजींच्या जवळ सरकले.

"मग जहाज किनाऱ्याला लागलं का?" त्यांनी विचारलं.

आजी दचकल्या. "अगंबाई! ऐकू आलं?"

"दगडाला सगळं ऐकू आलं."

"म्हणजे आता जपून बोलायला हवं," डोळे पुसत आजी हसल्या.

"छे गं! होतीस तशीच बोल. यंत्र कुठेही जात नाही. आधी त्या जहाजाचं काय झालं ते सांग."