माफी नामंजूर

मुलांच्या कोर्टात सगळं मुलांच्या भल्यासाठी असतं. न्यायाधीशबाई उंच खुर्चीवर बसत नाहीत, पोलीस गणवेशात येत नाहीत, भिंतीवर एक हसरं अस्वल असतं आणि दार लावलेलं असतं, नाव बाहेर फुटू नये म्हणून. पोराने यायचं, 'चुकलं' म्हणायचं, उपदेश ऐकायचा आणि जेवायच्या सुट्टीआधी घरी जायचं. सोय उत्तम आहे. फक्त ज्याचं काही चुकलंच नाही त्याने काय म्हणायचं, हे अस्वलालाही ठाऊक नसतं.

धाकटीचं तेच झालं. घरात आणि गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणायचे. शाळा सुटली की ती एका ब्यूटी पार्लरमध्ये जमिनीवरचे केस झाडायला आणि टॉवेलांच्या घड्या घालायला जायची. एका दुपारी मालकीणबाईंचा फोन सापडेना. त्यांनी भरल्या पार्लरमध्ये धाकटीचं दप्तर उलटं केलं. फोन निघाला नाही. पण गरिबाच्या दप्तरात फोन नसणं हाही पुरावाच असतो: विकला असणार! मालकीणबाईंनी पोलिसांत तक्रार दिली. तेव्हापासून धाकटी दिसली की गल्लीतल्या बायका पर्स काखेत घट्ट धरायच्या.

"फक्त मान हलव," कोर्टाबाहेरच्या बाकावर वकीलसाहेब म्हणाले. "मालकीणबाई माफ करणार आहेत. तडजोड झाली की प्रकरण मिटलं."

"घेतलाच नाही, तर मान कशाला हलवू?"

"अगं बाई, मान हलवायला काय लागतं?" आई काकुळतीला आली.

"मग तुझी तू हलव."

आत गेल्यावर मालकीणबाईंनी ठेवणीतला आवाज काढला. "लहान आहे हो, मॅडम. मी मोठ्या मनाने माफ केलंय. फोनही मिळाला."

"माफ नका करू," धाकटी म्हणाली.

वकीलसाहेबांना ठसका लागला. माफी मिळत नाही म्हणून रडलेली पोरं त्या खोलीने पाहिली होती. मिळतेय म्हणून भांडणारं हे पहिलंच.

"कुठे मिळाला, ते विचारा की त्यांना."

"मिळाला ना? मग झालं तर!" मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या.

"कुठे मिळाला?" आता न्यायाधीशबाईंनीच विचारलं.

"धुवायला टाकलेल्या ॲप्रनच्या खिशात."

"कुणाच्या ॲप्रनच्या?"

मालकीणबाईंनी अस्वलाकडे पाहिलं. ते हसतच होतं.

"माझ्या."

फोन मशीनमधून लख्ख धुऊन निघाला होता. आळ तेवढा धुवायचा राहिला होता.

न्यायाधीशबाईंनी तडजोडीचा कागद बाजूला सारला आणि चोरी झालीच नव्हती, असा निकाल दिला. "जा बाळ. सुटलीस."

"हे बाहेर सगळ्यांना सांगा ना."

"इथलं बाहेर जात नाही. तुझ्याच भल्यासाठी."

"आळ घेतला तेव्हा दार उघडं होतं. आता लावलंय ते कुणाच्या भल्यासाठी?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "हे दार मला उघडता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझी गोष्ट तूच सांगायला निघालीस, तर तुला मी अडवणार नाही."

बाहेर पडताना मालकीणबाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं विसरून जाऊ, हं? उद्यापासून ये कामाला."

"उद्या कशाला? आत्ताच येते."

पार्लर गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. धाकटी मधोमध उभी राहिली. मागोमाग आलेली आई दारात उभी राहिली, ती अशी की आत येणाऱ्याला वाट होती, बाहेर जाणाऱ्याला नव्हती.

"सांगा," धाकटी म्हणाली.

मालकीणबाई आरशापुढच्या कात्रीकडे बघत पुटपुटल्या, "फोन माझ्याच खिशात होता. हिने काही घेतलं नव्हतं."

कोपऱ्यात ड्रायरच्या टोपाखाली एक बाई मासिक चाळत बसल्या होत्या. दप्तर उलटं झालं त्या दिवशी 'मला वाटलंच होतं' म्हणणाऱ्या त्याच. त्यांच्या कानात नुसतं घूंऽऽ चाललं होतं. धाकटीने जाऊन ड्रायरचं बटण बंद केलं.

"हं, मालकीणबाई. पुन्हा एकदा. पहिल्यापासून."